आठ मालकांचे एक विमान

सन २००८ मध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून थेट जर्मनीतील फ्रँकफुर्टला जाणारी विमानसेवा सुरू झाली. ती लुफ्तान्साची असली तरी विमान आणि वैमानिक प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचे, भाड्याने घेतलेले होते. सव्वाशे-दीडशे माणसे सहज मावतील एवढ्या त्या विमानात सुरुवातीस पन्नासाहूनही कमी आसने होती. पुढे ही सेवा बंद झाली, आणि प्रायव्हेटएअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पण एवढ्या मोठ्या विमानात इतकी कमी माणसे का, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

श्रीमंतांचे चोचले हे उत्तर अर्धेच खरे. उरलेले अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ९३ टक्के भरतो. त्यात एप्रिलमधली दुपार, तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे ३११ केल्व्हिन. प्रमाणित तापमान २८८ केल्व्हिन धरले तर हवेची घनता ०.९३ × २८८ ÷ ३११, म्हणजे सुमारे ०.८६ पट होते. पंखांवरची उत्थापक प्रेरणा (विमानाला वर उचलणारे बल) घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. घनता घटली की तेवढेच वजन उचलण्यास वेग वाढवावा लागतो. येथे साडेसात-आठ टक्क्यांनी. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गानुसार वाढते. शिवाय विरळ हवेत इंजिनाचा रेटाही कमी पडतो. तोही घनतेच्याच प्रमाणात घटला असे मानले, तर समुद्रकाठी थंड हवेत जेवढे धावावे लागते त्याहून सुमारे एकतृतीयांश अधिक धावावे लागेल. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर लांब आहे; लोहगावची अडीच किलोमीटरहून थोडीशीच अधिक. मग वजन कमी करणे एवढाच मार्ग उरतो.

फ्रँकफुर्ट साडेसहा हजार किलोमीटरहून दूर. इंधन कमी करता येत नाही, तेव्हा माणसे कमी करायची! सामानासह माणशी शंभर किलो धरा. नव्वद माणसे कमी केली की नऊ टन वाचतात. या जातीचे विमान ताशी सुमारे अडीच टन इंधन जाळते. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या इंधनात साडेतीन तासांचे अधिक उड्डाण मिळते. एवढे करूनही पुण्याहून परतताना, पश्चिमेकडून येणाऱ्या उलट्या वाऱ्यांशी झुंजत, काही काळ या विमानाला वाटेत इंधनासाठी उतरावे लागत असे.

बोइंग कंपनीने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने १९९६ मध्ये याच कल्पनेवर खासगी वापरासाठी ७३७ विमानाचे एक रूप काढले. त्याचा सांगाडा ७३७-७०० चा, पंख व चाके अधिक मजबूत ७३७-८०० ची, आणि पोटातल्या सामानाच्या जागी जादा इंधनटाक्या. मोजकीच माणसे घेऊन ते सुमारे ११ हजार किलोमीटर जाते. पण असले धूड एकट्याने पोसायचे कसे? आपल्याकडे चार भावांची सामायिक विहीर असते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात, तसाच उपाय विमानांतही निघाला. रिचर्ड सँटुली या गणित शिकलेल्या अमेरिकन गृहस्थांनी १९८६ मध्ये नेटजेट्स ही योजना सुरू केली. विमानाचा सोळावा हिस्सा घ्या, वर्षाला पन्नास तास उडा. वैमानिक, देखभाल, विमा सारे कंपनीकडे. तुमचे विमान दुसरीकडे गेले असेल तर ताफ्यातले दुसरे मिळेल. पुढे त्यांच्या ताफ्यात बोइंगची ही मोठी विमानेही आली.

विहिरीची पाळी ठरलेली असते, विमानाची नसते. सगळी मेख येथेच आहे. समजा, एका विमानाचे आठ मालक आहेत आणि प्रत्येकाला वीस दिवसांतून एकदा विमान लागते. कोणालाही न लागण्याची संभाव्यता ०.९५ चा आठवा घात, म्हणजे ०.६६. नेमके एकालाच लागण्याची ०.२८. उरलेल्या ०.०६ मध्ये दोघे किंवा अधिक मालक एकाच दिवशी दारात उभे! शंभरात सहा दिवस भांडण. आता अशीच दहा विमाने आणि ऐंशी मालक घ्या. दहाहून अधिक मालकांनी एकाच दिवशी मागणी करण्याची संभाव्यता सुमारे ०.००२ येते, हजारात दोन दिवस. दर विमानामागे मालक तेवढेच, पण तक्रार तिसाव्या हिश्शावर आली. (हे गणित द्विपद विस्ताराने स्वतः करून पाहा, शिक्षकांनी वर्गात दिल्यास तास मजेत जाईल.)

अर्थात यात मालकांच्या मागण्या परस्परांशी निगडित नाहीत असे गृहीत धरले आहे. लग्नसराईत सर्वांचा मुहूर्त एकच निघाला, की हे गृहीत कोसळते. मोठ्या विमानांची खरी अडचण मात्र निराळीच आहे. नेटजेट्सकडे लहान जेट विमाने शेकड्यांनी आहेत. मोठी बोइंग विमाने त्या मानाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. चाळीस माणसांच्या मंडळाला आठ आसनांचे विमान देऊन भागत नाही. त्यामुळे मोठ्या विमानांपुरता ताफा लहानच राहतो आणि गणित पुन्हा ‘आठ मालक, एक विमान’ या उदाहरणाकडे झुकते. त्यातच एक मालक मुंबईला उतरला आणि दुसरा लंडनला वाट पाहत असला, तर विमान तिकडे रिकामेच न्यावे लागते. तासाला दोन-अडीच टन इंधन जाळीत, आत वैमानिकांखेरीज कोणीही नसताना.