काचेच्या पानावरील मराठी

बंगळूरहून कोलारच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशास व्हाइटफील्डचा परिसर मागे पडल्यावर थोड्याच वेळात होसकोटे लागते. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सतराव्या शतकात शहाजीराजांना मिळालेल्या बंगळूरच्या जहागिरीत हा मुलूखही मोडत होता; म्हणून मराठी कानांस हे नाव अगदीच परके वाटू नये. आज येथे विस्तीर्ण तळ्याच्या जोडीला कारखान्यांची वसाहत आहे, आणि नोकरीधंद्याच्या निमित्ताने स्थिरावलेल्या बिऱ्हाडांत कन्नडच्या बरोबरीने मराठीही कानी पडते.

वाचकहो, अशाच एखाद्या बिऱ्हाडातील सत्तरीच्या आजीबाई डोळ्यांपुढे आणा. निवृत्तिवेतनाचा अर्ज भ्रमणध्वनीवरूनच भरावयाचा आहे. अक्षरे फिकट राखाडी. चष्मा लावूनही ती नीट उमटत नाहीत. कळीवरील शब्द अर्धाच दिसतो आणि पुढे तीन टिंबे. आजीबाई विचार करीत असतानाच ‘वेळ संपली’ अशी सूचना झळकते. “मलाच काही येत नाही,” असे म्हणून त्या यंत्र खाली ठेवतात. चूक त्यांची नसते. ती पडद्याची मांडणी करणाऱ्याची असते. आणि असे पडदे ज्या कचेऱ्यांत रेखाटले जातात, त्यांपैकी कित्येक व्हाइटफील्डमध्ये, म्हणजे आजीबाईंच्या घरापासून फार दूर नसतात. मधले अंतर मैलांचे नाही, जाणिवेचे आहे.

शब्द आणि चौकट

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा व संपादनाचा. काही वर्षांपूर्वी बसच्या तिकिटांच्या एका पडद्यासाठी सुट्या इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी हाती आली. त्यात ‘बुक’ असा एक शब्द होता. मागचापुढचा संदर्भ नव्हता. पडदा पाहावयास मिळाला नव्हता. आणि मीही तो मागितला नाही. भाषांतर केले ‘पुस्तक’. पुढे बसची वेळ, आसनाचा क्रमांक, भाडे आणि त्याखाली ठळक कळीवर ‘पुस्तक’ असे विराजमान झालेले पाहून हसावे की रडावे, हे कळेना. ‘तिकीट काढा’ एवढे साधे मराठी तेथे हवे होते. तेव्हापासून पडदा पाहिल्यावाचून एकही शब्द लिहावयाचा नाही, असा नियम मी स्वतःस घालून घेतला आहे.

आता हा नियम पाळणे सोपे झाले आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा पानाच्या रूपापेक्षा मजकूर महत्त्वाचा होता. ‘एचटीएमएल’ ही खुणांची भाषा शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, एवढेच सांगे. पुढे १९९६ मध्ये ‘सीएसएस’ची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि रंग, आकार, अंतर ठरविण्याची सोय झाली. २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकन आखणीकाराने पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःस बेतून घेणाऱ्या पानाची पद्धत मांडली. संगणकावरील तीन स्तंभ भ्रमणध्वनीवर एकाखाली एक येतात, ते या पद्धतीमुळे. आज ‘फिग्मा’सारख्या साधनात आखणीकार, अभियंता आणि भाषांतरकार एकाच आराखड्यावर एकाच वेळी काम करू शकतात. इंग्रजीच्या मापाने चौकट कापून मग तीत मराठी कोंबण्याऐवजी, आराखड्यातच ‘अर्ज सादर करा’ हे शब्द लिहून पाहावेत. चौकट अपुरी पडली तर ती वाढवावी, शब्द छाटू नये.

आपल्या अक्षरांचा स्वभाव

देवनागरी अक्षर शिरोरेषेखाली लोंबते. त्याच्या माथ्यावर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, तर पायाशी उकार. दोन ओळींतील अंतर इंग्रजीच्या बेताने ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस जाऊन भिडतो. कन्नडमध्येही जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो. तेव्हा होसकोट्याच्या दोन्ही भाषांची गरज एकच, ओळींना मोकळा श्वास. इंग्रजी शीर्षकांत शोभेसाठी अक्षरे सुटी-सुटी मांडतात. तोच प्रयोग मराठीवर केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिवाय आपल्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. म्हणून भर द्यावयाचा तो अक्षराच्या जाडीने, आकाराने वा रंगाने.

त्यातही मराठीचे काही खास हट्ट आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. रफाराच्या जागी अर्धा र आला नाही तर अर्थच बुडतो. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि मराठी वळणाचा श हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून निराळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून ही रूपे प्रमाण मानली. संगणकाच्या युनिकोड संकेतात मात्र दोन्ही रूपांना एकच क्रमांक आहे. मग मराठी रूप उमटावे कसे? पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची छोटीशी नोंद केली आणि निवडलेल्या अक्षरसंचात सोय असली, की योग्य ल आणि श आपोआप येतात. हीच नोंद दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्रासही, मजकूर मराठी उच्चाराने वाचावा, हे सांगते. एका ओळीच्या काळजीने दोन उपकार साधतात.

ही काळजी आपल्याकडे नवी नव्हे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि देखण्या देवनागरी खिळ्यांसाठी तो नावारूपास आला. संगणकाच्या युगात तो वसा रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी घेतला. मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केलेल्या या सुलेखनकाराचा ‘मंगल’ हा अक्षरसंच विंडोज प्रणालीतून घरोघरी पोहोचला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा संच कोणासही विनामूल्य वापरता येतो. आय.आय.टी.तीलच ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजनास स्पर्श करताच त्याभोवती स्वरांची चिन्हे चक्रासारखी उमलतात; बाराखडी शिकलेल्यास निराळे काही शिकावे लागत नाही. वापरणाऱ्यास आधीच जे ठाऊक आहे त्यावर उभारणी करणे, हे उत्तम आखणीचे लक्षण होय.

फॅशन आणि न्याय

पडद्यांच्या जगातही वेशभूषेप्रमाणे लाटा येतात. कधी सपाट रंगांची, कधी काळ्या पार्श्वभूमीची, कधी शब्द गाळून केवळ चिन्हे ठेवण्याची. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेस दोन वाक्ये सांगितली की ती क्षणात अख्खा पडदा रेखाटून देते. या लाटांशी आपले भांडण नाही. प्रत्येकीस एकच प्रश्न विचारावा: आजीबाईंना वाचता येते का? वेबच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनुसार सामान्य आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावयास हवे. तो फिकट राखाडी रंग कितीही तलम दिसला तरी या कसोटीस न उतरल्यास नापासच.

आणि हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिलेला नाही. बँकेच्या दूरस्थ ओळखपडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्याची अट असे. आम्लहल्ल्यात ज्यांच्या पापण्यांस इजा झाली त्यांनी ती कशी पाळावी? अशा व्यक्तींच्या आणि दृष्टिहीनांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. पडद्यावरील एक अविचारी पायरी माणसास बँकेच्या दाराबाहेर उभे करू शकते, हे त्या निकालाने अधोरेखित केले.

घरातली कसोटी

यावर उपाय खर्चिक नाही. जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाने २००० मध्ये दाखवून दिले, की अवघ्या पाच माणसांपुढे पडदा ठेवून निरीक्षण केले तरी त्यातील बहुतेक उणिवा उघड होतात. पद्धत साधी आहे. माणसाच्या हाती यंत्र द्यावे, काम सांगावे आणि आपण गप्प बसावे. कोठे बोट अडखळते, कोठे कपाळावर आठी पडते, ते टिपावे. मध्येच “अहो, तिथे दाबा” असे सांगण्याचा मोह आवरणे हीच यातील कठीण गोष्ट.

वाचकहो, आपल्या घरात कोणी मुलगा, सून वा भाची या व्यवसायात असेल, तर येत्या रविवारी तिने स्वतः रेखाटलेला पडदा घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावयास सांगा. आणि आपणांस एखादा पडदा उमगला नाही, तर “मला येत नाही” असे म्हणू नका. तेथे अभिप्रायाची जागा असल्यास काय अडले ते चार ओळींत कळवा. घरी आलेल्या पाहुण्याचे डोके चौकटीवर आपटले, तर आपण पाहुण्याच्या उंचीस दोष देत नाही. दार ठेंगणे झाले, असे म्हणतो. काचेच्या या नव्या दारासही तोच न्याय लावावयास हवा.