प्रश्नचिन्हाच्या जागी काय होतं?

‘चूक दुरुस्त करणं’ सोपं वाटतं. पण चूक कोणाची, हे आधी ठरवावं लागतं.

वेबस्टरचा 1913 चा इंग्रजी शब्दकोश प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतो. छापील पानावर व्युत्पत्तीतले ग्रीक शब्द ग्रीक लिपीत आहेत. डिजिटल प्रतीत मात्र अनेक ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह उरलंय. मला वाटलं, ग्रीक कोश उघडायचा आणि जागा भरायच्या!

आता ‘होरायझन’ घ्या. हा शब्द ‘होरोस’ म्हणजे सीमा, याच्या कुळातला. ग्रीकमध्ये ‘ओरोस’ म्हणजे डोंगर. दोन्हींची अक्षरं तीच, आघातही तोच. फरक फक्त पहिल्या अक्षरावरच्या स्वल्पविरामासारख्या इवल्या खुणेचा. ती एका बाजूला वळली तर ‘ह’ उच्चारायचा, दुसरीकडे वळली तर नाही. स्कॅन पुसट असेल तर क्षितिजाचा उगम थेट डोंगरात! आणि वाचणाऱ्याला ते पटेलही.

म्हणून माझे तीन नियम:

1. आधी छापील पानाचं चित्र बघायचं, अंदाज नंतर.
2. टंकलेखनातली चूक मुळाबरहुकूम सुधारायची. पण 1913 च्या संपादकांचं मतच आज चुकीचं वाटलं, तर मजकूर तसाच ठेवून वेगळी टीप द्यायची.
3. प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची.

इथे काहीतरी हरवलंय, हे प्रश्नचिन्ह निदान कबूल तरी करतं. चुकीचा भरलेला शब्द तेच लपवतो. तुमच्या डेटातही अशा रिकाम्या जागा असतील. भरायची घाई करू नका.