धसमुसळेपणाची वही

बास्केटबॉलमध्ये फाउल ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट. एनबीए या अमेरिकी लीगमध्ये खेळाडूला एका सामन्यात पाच फाउल पचतात, सहाव्याला तो बाहेर. आंतरराष्ट्रीय नियमांत पाचव्यालाच बाहेर. शेवटच्या मिनिटाला पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. प्रशिक्षक स्वतःच बाकाजवळून ओरडत असतो, धर त्याला! त्यामुळे धोकादायक फाउलला शिक्षा किती, हे ठरवण्याआधी या धक्काबुक्कीतून तो वेगळा काढायचा कसा, हे ठरवावे लागते.

त्यासाठी एनबीएने ‘फ्लॅग्रंट’ नावाचा वर्ग ठेवला आहे. त्याच्या दोन पायऱ्या. अनावश्यक धडक ही पहिली. अनावश्यक आणि वर बेफाम असेल तर दुसरी. दोन्हींत समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो आणि शिवाय चेंडूचा ताबा मिळतो. दुसऱ्या पायरीचा फाउल करणारा तिथूनच ड्रेसिंग रूमकडे वळतो. पहिल्या पायरीचे दोन एकाच सामन्यात झाले तरी तेच.

पंच बोट हवेत गोल फिरवतो आणि टेबलाजवळच्या पडद्याकडे चालू लागतो, तेव्हा हे वर्गीकरण सुरू असते. न्यू जर्सीतल्या सिकॉकस गावी असलेल्या रिप्ले केंद्रातून वेगवेगळ्या कोनांतली दृश्ये येतात. हात चेंडूकडे गेला होता की माणसाकडे? मारण्याआधी तो मागे खेचला होता का, आणि लागल्यानंतरही पुढे जात राहिला का? समोरचा जमिनीवर होता की हवेत, तोल गेलेला? धडक किती जोराची होती? दुखापत किती झाली, हेही पाहिले जाते, आणि माझ्या मते गोंधळ इथूनच सुरू होतो.

२१ जानेवारी २०२२ रोजी शिकागो बुल्सचा ॲलेक्स करूसो रिंगकडे झेपावला. मिल्वॉकी बक्सच्या ग्रेसन ॲलनने त्याला हवेतच एका हाताने अडवले आणि दुसऱ्या हाताने खाली ओढले. उडी घेतलेल्या माणसाच्या हाती काहीच नसते. पाय टेकायला जागा नाही, वळायला वेळ नाही. करूसो उजव्या हातावर पडला, मनगट मोडले, शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा खेळला थेट मार्चमध्ये. ॲलनला सामन्यातून बाहेर काढले आणि पुढे एका सामन्याची बंदी घातली. एकीकडे सात आठवडे, दुसरीकडे एक दिवस. चिडलेल्या माणसाच्या तोंडी लगेच येते: जखमी परत येईपर्यंत मारणाऱ्यालाही बसवा.

ऐकायला हे न्यायाचे वाटते, पण टिकत नाही. तोच फाउल, तीच उंची, आणि पडणारा खांद्यावर पडला असता तर कदाचित अंग झटकून उठला असता. मग शिक्षा फाउलला झाली की हाडाला? शिवाय परतायची तारीख जखमी खेळाडूचा संघच ठरवतो. प्रतिस्पर्ध्याचा हुकमी खेळाडू आपल्या बाराव्या माणसाच्या मनगटावर अडकून पडला असेल, तर ते मनगट जरा सावकाशच बरे होईल.

म्हणून एका फाउलपेक्षा त्यांच्या रांगेकडे पाहणे बरे. एनबीएत त्यासाठी वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखी एक सोय आहे. पहिल्या पायरीच्या फ्लॅग्रंटला खात्यावर एक गुण, दुसऱ्या पायरीच्याला दोन. नियमित हंगामात पाच गुणांपर्यंत वही गप्प असते. पाचाच्या पुढे गेलात की बंदी, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या फ्लॅग्रंटला पुन्हा बंदी. हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, मर्यादा तीनची. सामना संपल्यावरही लीगचे कार्यालय चित्रफीत पाहून पंचांचा निर्णय वर-खाली करू शकते, आणि त्याप्रमाणे गुणही बदलतात.

ही वही काय करू शकते, ते २०१६ साली साऱ्यांनी पाहिले. गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. त्यांचा ड्रेमंड ग्रीन हा बचावाचा कणा, आणि तितकाच धसमुसळा. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ह्यूस्टनच्या मायकल बीझलीला खाली पाडल्याबद्दल त्याच्या खात्यावर एक गुण चढला. मग ओक्लाहोमा सिटीच्या स्टीव्हन ॲडम्सला जांघेत लाथ. पंचांनी ती पहिल्या पायरीची धरली होती, लीगने दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर नेली आणि २५ हजार डॉलर दंड लावला. झाले तीन.

अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स पडलेल्या ग्रीनला ओलांडून गेला. ग्रीनने उठता उठता हात फिरवला, तो जेम्सच्या जांघेत लागला. पंचांनी फ्लॅग्रंट दिला नाही. लीगने नंतर दिला, पहिल्या पायरीचा. तीन अधिक एक, चार. तेवढा एक फटका बंदीच्या योग्यतेचा नव्हता, बंदी बेरजेमुळे आली. वॉरियर्स ३-१ ने पुढे होते, एक विजय आणि विजेतेपद. १३ जून २०१६ ला पाचवा सामना झाला तेव्हा ग्रीनला सभागृहात पाऊल ठेवायचीही मुभा नव्हती. तो शेजारच्या बेसबॉल स्टेडियममधल्या एका खोलीत बसून पाहत होता. जेम्स आणि कायरी अर्व्हिंगने प्रत्येकी ४१ गुण केले, आणि ती मालिका क्लीव्हलंडने ४-३ अशी खेचून नेली. त्याच पाचव्या सामन्यात वॉरियर्सचा अँड्र्यू बोगटही जायबंदी झाला, म्हणून सारे खापर बंदीवर फोडता येत नाही.

त्या बंदीला आजही अनेक जण अन्याय म्हणतात. मला ती एनबीएतल्या सर्वांत सरळ शिक्षांपैकी एक वाटते. मर्यादा तीन आहे, आपण तीनवर आहोत, हे ग्रीनला आठवडाभराहून अधिक आधीपासून ठाऊक होते. वहीने त्याच्याकडे तारा म्हणून पाहिले नाही आणि वाह्यात म्हणूनही नाही.

वहीचा दोष वेगळाच. ती पुसली जाते. प्लेऑफ सुरू झाले की पाटी कोरी, नवा हंगाम सुरू झाला की पुन्हा कोरी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चार गुणांवर असलेला माणूस महिनाअखेरीस निष्पाप! ही भोके बुजवायला लीगला ‘पूर्वेतिहास’ नावाची दुसरी वही काढावी लागते, आणि तिच्यात रकाने आखलेलेच नाहीत.

पुन्हा ग्रीनच. एप्रिल २०२३, सॅक्रमेंटोचा डोमांटास साबोनिस खाली पडून त्याचा पाय धरतो, ग्रीन त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे जातो. एक सामना बंदी, कारणांत पूर्वीच्या वागण्याचा स्पष्ट उल्लेख. १४ नोव्हेंबर २०२३, मिनेसोटाच्या रुडी गोबेरच्या गळ्याला मागून हाताचा विळखा घालून तो त्याला काही पावले ओढत नेतो. पाच सामने. चार आठवडे होतात न होतात तोच, १२ डिसेंबरला फीनिक्सचा युसुफ नुर्किच त्याला कमरेपाशी धरून असताना ग्रीन गर्रकन वळतो आणि फिरलेला हात नुर्किचच्या तोंडावर बसतो. पंचांचे लक्ष वेधायला हात उडवला, मारायचे नव्हते, असे तो म्हणाला. असेलही. मनातले कुणाला दिसते? पण दर वेळी हात किंवा पाय दुसऱ्याच्याच अंगावर जाऊन थांबत असेल, तर हेतू शोधत बसायची गरज उरत नाही, बेफिकिरी पुरते.

या वेळची बंदी होती ‘अनिश्चित काळ’. समुपदेशन घ्या, लीगच्या अटी पूर्ण करा, मग बघू. ती १२ सामन्यांची ठरली, ६ जानेवारी २०२४ ला उठली. आकडे पाहा: एक, पाच, बारा. चढण योग्यच आहे, पण ती मागे वळून पाहिल्यावर दिसते. सहा सामन्यांवर थांबली असती किंवा पंचवीसवर गेली असती, तरी कुठल्या नियमावर बोट ठेवून तक्रार केली असती?

पैशाचेही बघू. बंदीच्या दर सामन्याला ग्रीनच्या वार्षिक पगाराचा १४५वा भाग कापला गेला, सुमारे १ लाख ५४ हजार डॉलर. गोबेर प्रकरण त्याला ७ लाख ७० हजारांच्या आसपास पडले. हे बोचते. २०१६ मधला तो २५ हजारांचा दंड मात्र चेष्टा होती. तेव्हा त्याचा पगार १ कोटी ४० लाख डॉलरच्या वर होता. महिना पन्नास हजार कमावणाऱ्याने हजारभर रुपये भरावेत, तसा.

पाटी पुसण्यावर तोड क्रिकेटवाल्यांनी काढलेली आहे. आयसीसीचे डिमेरिट गुण २४ महिने खात्यावर राहतात; त्या काळात चार झाले की बंदी. मालिका संपली, वर्ष उलटले, काही फरक पडत नाही. एनबीएने प्रत्येक गुण असाच त्याच्या तारखेपासून दोन वर्षे ठेवावा, प्लेऑफ असो वा नसो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बंदीचे आकडे आधीच छापून टाकावेत. दोन वर्षे नीट खेळणाऱ्याचे खाते मग आपोआप साफ होईल; मेहेरबानी म्हणून कुणी पुसायला नको.

एक गाठ मात्र त्यानेही सुटत नाही. २०१६ मध्ये ज्याला फटका बसला त्याच्याच संघाला बंदीचा फायदा झाला, कारण मालिका तीच होती. डिसेंबर २०२३ मध्ये नुर्किचच्या फीनिक्सला काय मिळाले? दोन फ्री थ्रो, ताबा, आणि त्या रात्रीपुरता ग्रीन बाहेर. पुढच्या बारा सामन्यांत ग्रीन नसलेले वॉरियर्स इतरांच्याच वाट्याला आले.

आणि काही फाउल वहीत चढतच नाहीत, कारण त्यांच्यासाठी रकाना नसतो. १४ मे २०१७ ला सॅन अँटोनियोचा कवाय लेनर्ड उडी मारून शॉट घेत होता. वॉरियर्सचा झाझा पाचुलिया पाय पुढे सरकवत थेट त्याच्या खाली गेला. लेनर्ड त्याच पायावर उतरला आणि घोटा मुरगळला. सॅन अँटोनियो तेव्हा २३ गुणांनी पुढे होते, सामना दोन गुणांनी हरले, आणि लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा दिसला नाही. पंचांनी साधा फाउल दिला. पुढच्या हंगामापासून उतरणाऱ्याच्या जागेत बेफिकीरपणे पाय घालणे फ्लॅग्रंट ठरवता येऊ लागले. तेव्हापासून बाहेरून शॉट घेताना असा फाउल झाला की पडद्यापाशी उभा पंच चेंडूचा माग सोडून चित्रफीत मागे नेतो आणि बचाव करणाऱ्याच्या बुटाच्या टोकावर थांबवतो.