१,०९८ विजय आणि ३,२९६ नोंदी : एका प्रशिक्षक बाईंची कारकीर्द संशोधकाने कशी वाचावी?

मागच्या महिन्यात एक एम.पी.एड. झालेली मुलगी भेटायला आली. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. म्हणाली, "ताई, विषय ठरलाय. यशस्वी प्रशिक्षकांची चरित्रं वाचायची, त्यांच्यातले समान गुण काढायचे आणि यशाचं मॉडेल बनवायचं. चालेल ना?"

मी प्राणिशास्त्रातली. माझं काम पक्ष्यांच्या वर्तनावर. खेळातलं मला फारसं कळत नाही. पण तिचा प्रश्न खेळाचा नव्हताच, पद्धतीचा होता. म्हणून तिला एक नाव दिलं आणि म्हटलं, आधी या एकाच बाईंची कारकीर्द नीट वाचून ये. ते नाव म्हणजे पॅट समिट. आज तेच तुमच्यासमोर मांडते.

आधी माहिती

पॅट समिट यांचा जन्म १९५२ चा, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातला. शेतकरी कुटुंब. १९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायची, खेळाडूंचे कपडेही स्वतःच धुवायचे. पहिलाच सामना एका गुणाने हरल्या. प्रशिक्षक असतानाच १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळवलं आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकेच्या संघाने सुवर्ण जिंकलं.

टेनेसीत त्या ३८ हंगाम राहिल्या. १,०९८ विजय, २०८ पराभव, एनसीएएची ८ राष्ट्रीय विजेतेपदं. १९९७-९८ च्या हंगामात ३९ सामने खेळले आणि ३९ ही जिंकले. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी आपल्याला अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं. तरी तो हंगाम पूर्ण केला, २०१२ मध्ये पद सोडलं आणि २०१६ मध्ये वयाच्या ६४ व्या वर्षी त्या गेल्या.

हे वाचून भारावून जायला होतं, आणि व्हायलाच हवं. पण संशोधकाचं काम भारावून झाल्यावर सुरू होतं.

पहिला प्रश्न : छेद कुठला?

८ विजेतेपदं ३८ हंगामांत, असं आपण पटकन म्हणतो. पण एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये. त्याआधी महिलांच्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार दुसरी संघटना पाहायची. म्हणजे एनसीएएचं विजेतेपद मिळण्याची शक्यता होती ती ३१ हंगामांतच. अंश तोच राहिला, पण छेद बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं. समिट यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं की टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण केलेली त्यांची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. हे खरं आहे आणि फार मोठं आहे. पण वाक्य पुन्हा वाचा. 'मुदत पूर्ण केलेली'. मध्येच संघ सोडून दुसऱ्या विद्यापीठात गेलेली मुलगी या हिशोबात येतच नाही. यात फसवणूक काही नाही, व्याख्या स्पष्ट आहे. पण ती व्याख्या तुम्ही वाचली का, हा प्रश्न व्हायवाला हमखास येतो.

दुसरा प्रश्न : कारण कुठलं?

समिट जिंकल्या त्या कडक शिस्तीमुळे, असं चरित्रात वाचाल. त्यांची रोखलेली नजर तर प्रसिद्धच होती. पण १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाईन' हा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्याने ठरवलं. मुलींच्या खेळाला हळूहळू पैसा, शिष्यवृत्त्या, मैदानं मिळू लागली. समिट आल्या त्या नेमक्या या लाटेच्या सुरुवातीला.

मग यश कायद्याचं की बाईंचं? कायदा सगळ्यांनाच होता, ८ विजेतेपदं मात्र सगळ्यांना मिळाली नाहीत. म्हणजे कायदा एकटा पुरत नाही. पण कायद्याशिवाय हीच बाई कुठवर गेली असती, हेही एका कारकिर्दीवरून सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की त्या वेगळ्या करायला तुलना लागते.

आणि इथेच त्या मुलीचं 'मॉडेल' अडतं. ती फक्त जिंकलेल्यांची चरित्रं वाचणार. तितकेच कडक, तितकेच मेहनती, पण हरलेले प्रशिक्षक किती असतील? त्यांची चरित्रं कुणी लिहिलेलीच नाहीत. फक्त यशस्वी उदाहरणं गोळा केली की त्यांच्यातला कुठलाही समान गुण यशाचं कारण वाटायला लागतो.

तिसरा प्रश्न : मोजायचं कसं?

आता गंमत बघा. २००४-०५ च्या हंगामात बेकर आणि रिसबर्ग या दोन संशोधकांनी समिट यांच्या ६ सरावांचं चित्रीकरण केलं. त्यांचं बोलणं, हावभाव, प्रत्येक कृती ठरावीक यादीतल्या एकेका प्रकारात टाकली. एकूण ३,२९६ नोंदी झाल्या. २००८ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

सर्वांत जास्त काय निघालं? रागावणं? नाही. ४८ टक्के नोंदी सूचनांच्या होत्या, म्हणजे काय करायचं, कसं करायचं हे शिकवणं. त्यानंतर कौतुक, १४.५ टक्के. मग 'चला, जोर लावा' छापाचं हाकारणं, १०.७ टक्के. लोकांच्या लक्षात राहिली ती नजर, पण मोजायला बसलं तेव्हा दिसली शिकवणारी बाई.

हे वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण पक्ष्यांच्या अभ्यासात आम्ही हेच करतो. आधी वर्तनांची यादी, प्रत्येकाची नेमकी व्याख्या, मग नोंदी. 'पक्षी चिडला' असं लिहायचं नाही. 'पिसं फुलवली, चोच उघडली' असं लिहायचं. दुसऱ्या निरीक्षकाला तीच फीत दाखवली तर तोही तेच लिहील का, हे तपासायचं. ते जमलं नाही तर तुमचा डेटा म्हणजे तुमचं मत.

इथे एक सावधगिरी. याआधी थार्प आणि गॅलिमोर यांनी १९७४-७५ च्या हंगामात जॉन वूडन या प्रशिक्षकांचं असंच निरीक्षण केलं होतं. त्यात २,३२६ नोंदी होत्या आणि निम्म्याच्या आसपास सूचनाच निघाल्या. मोह होतो की दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करावी. पण दोन अभ्यासांतल्या वर्तनाच्या याद्या वेगळ्या होत्या. एका मापाने मोजलेलं दूध आणि दुसऱ्या मापाने मोजलेलं दूध थेट कसं ताडणार? दोघेही भरपूर शिकवत होते, इतकं म्हणता येतं. त्यापुढे नाही.

जे सापडलं नाही ते

या निबंधातला माझा आवडता भाग वेगळाच आहे. संशोधकांचा अंदाज होता की ज्या खेळाडूंकडून जास्त अपेक्षा आहेत त्यांना प्रशिक्षक जास्त किंवा चांगलं शिकवत असणार. रोझेन्थाल आणि जेकबसन यांच्या १९६८ मधल्या वर्गातल्या अपेक्षांवरच्या गाजलेल्या कामापासून हा विचार रुळलेला आहे. पण समिट यांच्या बाबतीत दोन्ही गटांना मिळणाऱ्या वागणुकीत, प्रमाणात आणि दर्जात, फरक आढळला नाही. अंदाज चुकला आणि त्यांनी तो तसाच छापला.

हे मला का लागलं ते सांगते. माझ्या पहिल्या पायलट निरीक्षणात मी ज्या फरकाच्या भरवशावर सिनॉप्सिस लिहिला होता, तो फरक दिसलाच नाही. चार महिने पहाटे साडेपाचला उठून केलेल्या नोंदी. मी गाईडकडे गेले आणि म्हणाले, "मॅडम, काहीच निघालं नाही." त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, "निघालंय की. तुला हवं होतं ते निघालं नाही, एवढंच." त्या रात्री मी एक सोपा रस्ता विचारात घेतला होता, हे कबूल करते. थोड्या नोंदी गाळल्या असत्या तर फरक 'दिसला' असता. नाही गाळल्या. आज तो भाग माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आहे.

मात्र 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही हे सिद्ध झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ६ सराव, एक संघ, एक हंगाम, एक प्रशिक्षक. शिवाय कॅमेरा लावला की माणूस थोडं वेगळं वागू शकतो. इतक्यावरून 'थोर प्रशिक्षक सर्वांना समान वागवतात' असा नियम काढता येत नाही. समिट यांच्याबद्दलचं एक ठोस निरीक्षण मिळतं, आणि पुढच्याला विचारायला एक चांगला प्रश्न.

मग त्या मुलीने काय केलं?

दोन आठवड्यांनी ती परत आली. विषय लहान झाला होता. आता तिला आपल्या जिल्ह्यातल्या काही महाविद्यालयांच्या मुलींच्या संघांचे सराव बघायचे आहेत, जिंकणारे आणि हरणारे दोन्ही. राखीव बाकावरच्या मुलींशी प्रशिक्षक किती बोलतात, हे मोजायचं आहे. तिने वर्तनाची यादीही करून आणली होती. त्यातलं 'प्रेरणा देणे' मी खोडलं आणि विचारलं, "हे डोळ्यांना कसं दिसतं?" ती हसली आणि वही पुढे ओढून लिहायला बसली.

तुम्हीही एक करून बघा. तुमच्या आवडत्या शिक्षकांचं एक तास निरीक्षण करा, त्यांना आधी विचारून. त्याआधी कागदावर लिहा, ते सर्वांत जास्त काय करतात असं तुम्हाला वाटतं. मग मोजा. दोन्हींत अंतर पडलं, तर तो कागद जपून ठेवा. तुमचा पहिला संशोधन प्रश्न बहुधा त्यावरच असेल.