कोंकणांतील घराचें छप्पर बदलतांना



मुंबई-पुण्यास राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें एक घर कोंकणांत असतें. वर्षांतून एक-दोनदां तेथें जाणें होतें, आणि अलीकडे प्रत्येक खेपेस एकच प्रश्न समोर येतो : जुनें कौलारू छप्पर थकलें आहे, तें उतरून पत्रे घालावे, कीं पुन्हां कौलेंच चढवावीं? आज या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. परंतु आरंभींच सांगून ठेवतों कीं, कौल कीं पत्रा हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न निराळाच असून तो बहुधा कोणी विचारीत नाहीं.

कोंकणांतील छपरास तिघांशीं झुंजावें लागतें. पहिला पाऊस. रत्नागिरीच्या बाजूस मुख्यतः चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी कोसळतें. दुसरें ऊन आणि त्याच्या जोडीची समुद्राची खारी, दमट हवा. तिच्यामुळें लोखंडास गंज चढतो. तिसरा वारा. पहिल्या दोहोंचा बंदोबस्त आपल्या वडीलधाऱ्यांनीं उत्तम केला होता. उतरतीं पाखीं, पुढें आलेली वळचण आणि दरसालची शाकारणी हा तो बंदोबस्त. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि पुढें एकमेकांत अडकणारीं मंगळुरी कौलें सर्वत्र पसरलीं. तीं पाणी उत्तम झेलतात आणि उन्हाची झळही बरीच अडवतात.

वाऱ्याचा हिशेब मात्र राहून गेला. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरूड, तसेंच रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड, दापोली या भागांत हजारों घरांचीं छपरें उडालीं. कौलें उडालीं, तसे पत्रेही उडाले. यावरून दोष केवळ मालाचा नव्हता हें उघड आहे.

मग दोष कशाचा? कागदाची एक अरुंद पट्टी ओठांखालीं धरा आणि तिच्या वरच्या अंगानें जोरानें फुंकर मारा. लोंबणारी पट्टी खालीं न दबतां वर उचलली जाते. छपराचेंही तसेंच होतें. वारा पाख्यावरून व आढ्यावरून वेगानें जातो तेव्हां वरील हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलें जातें. त्यांत वाऱ्याकडील दार किंवा खिडकी फुटली, तर आंत शिरलेली हवा खालून रेटा देते. पावसांत छत्री उलटी होते, ती अशाच रेट्यानें. आपण मात्र छपराचा विचार करतों तो खालीं येणाऱ्या भाराचाच.

आतां थोडें गणित. ताशीं १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें ६५ किलोग्रॅम भरतो. वळचणीशीं आणि कोपऱ्यांशीं उचलणारा जोर याहूनही अधिक असूं शकतो. मंगळुरी कौलांचें वजन दर चौरस मीटरास सुमारें ४० किलोग्रॅम आणि पातळ पत्र्याचें अवघें पांच. शिवाय वारा दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो. म्हणजे वजनाच्या भरंवशावर कौलही पुरतें टिकत नाहीं, आणि पत्रा तर मुळींच नाहीं.

म्हणून पहिला प्रश्न हा : छप्पर घराशीं कशानें बांधलें आहे? कौल किंवा पत्रा रिपेवर, रीप वाशावर, वासा तुळईवर, तुळई भिंतीवर, असे हे सांधे आहेत. रहाटाच्या दोरास चार गांठी असल्या आणि त्यांतील एकच कच्ची असली, तरी पोहरा विहिरींत जातो. जुन्या घरांत वासा बहुधा एका खिळ्यावर आणि स्वतःच्या भारावर बसलेला असतो. सरळ वर ओढला कीं तो खिळा सहज निघतो. म्हणून वाशावरून लोखंडी पट्टी घेऊन ती दोन्ही अंगांनीं ठोकावी. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत मातींत रचलेली असेल, तर तिच्या माथ्यावर सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा ओतून तोही खालच्या भिंतींत खोलवर जखडावा आणि तुळई त्यास बोल्टानें आवळावी. कौलें उतरलेलीं असतांना प्रत्येक वासा सुरीच्या टोकानें टोचून पाहावा; वाळवीनें पोखरलेल्या लांकडांत कोणताही खिळा धरत नाहीं.

पत्रा घातल्यास कडेच्या व वळचणीच्या ओळींत स्क्रू अधिक जवळजवळ मारावेत, आणि ते जस्त चढविलेले असावेत. कौलें घातल्यास वळचणीच्या दोन ओळी आणि कडेचीं कौलें तारेनें रिपांस बांधावीं. अनेक मंगळुरी कौलांच्या पाठीस त्यासाठीं छिद्र ठेवलेलें असतें. पाखें फार सपाट करूं नये, वळचण दीड फुटाहून फारशी पुढें काढूं नये. पडवीचें छप्पर मुख्य छपरापासून वेगळें ठेवावें, म्हणजे तें गेलें तरी घराचें छप्पर सोबत नेणार नाहीं.

इतकें झाल्यावर दुसरा प्रश्न सोपा आहे. घरांत माणसें राहत असतील आणि शाकारणीस गडी मिळत असतील, तर कौलें बरीं. घर थंड राहतें, आणि एक फुटलें तर एकच बदलावें लागतें. घर वर्षभर बंद असेल, माकडांचा उपद्रव असेल, तर पत्रा वावगा नाहीं. मात्र खालीं लांकडी माळा घालून मध्यें हवा खेळती ठेवावी, नाहींतर वैशाखांत दुपारीं घरांत बसवणार नाहीं.

शेवटीं मुहूर्ताविषयीं. मृगापूर्वीं छप्पर पुरें करावें ही जुनी रीत. परंतु ‘फयान’ वादळ नोव्हेंबर २००९ मध्यें आलें, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्यें आणि ‘निसर्ग’ मृग लागण्याच्या तोंडावर. म्हणून छप्पर उतरवावें तें डिसेंबरांत आणि पुरें करावें तें एप्रिलच्या मध्यापर्यंत.

गवंड्यास व सुतारास दर विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारा : वाशापासून जोत्यापर्यंत प्रत्येक सांधा कशानें धरला आहे? ज्याला याचें उत्तर हातानें दाखवितां येईल, त्याच्याच हातीं आपल्या वाडवडिलांचें घर सोंपवावें.