तंटा गावात मिटवायचा की पोलिसांत जायचं? कायदा काय सांगतो, समजून घ्या

बांधावरून वाद झाला आणि शेजाऱ्याने मारहाण केली. आता पोलीस ठाणं गाठायचं की गावातच बसून मिटवायचं? शिरूर तालुक्यातलं निमोणे असो वा राज्यातलं कोणतंही गाव, मार खाल्लेल्या माणसापुढे हा प्रश्न असतोच.

लोक आधी गावाकडे का वळतात?

कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मजुरी बुडते. निकाल काहीही लागो, बांधाला बांध तोच राहतो. गावातली बैठक एका संध्याकाळीही संपू शकते. गावपातळीवरच्या अशा समेटाला बळ देण्यासाठी राज्य सरकारने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्यासाठी ग्रामसभेत तंटामुक्त समिती नेमली जाते. ती समेट घडवू शकते, शिक्षा देऊ शकत नाही.

काय मिटवता येतं, काय नाही?

साधी मारहाण, बदनामी असे गुन्हे तडजोडपात्र आहेत. त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. पण खटला सुरू असेल, तर समितीपुढे सह्या करून तो संपत नाही. तडजोड न्यायालयात नोंदवावी लागते.

खून, बलात्कार या यादीत नाहीत. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे असं प्रकरण 'मिटवणारे' पंचही अडकू शकतात.

जातपंचायतीने वाळीत टाकलं तर?

सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यात २०१७ पासून लागू आहे. दोषींना ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर?

दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० ही हेल्पलाइन आहे.

मग निवड कशी करायची?

समेटावर सही करण्याआधी पीडित व्यक्तीने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: 'मी नाही म्हटलं, तर मला गावात नीट राहता येईल का?' उत्तर देताना भीती वाटत असेल, तर तो समेट नाही, दबाव आहे.