चित्रातील थेंबाचा ध्वनी

पडद्यावर एका गुहेत पाण्याचा थेंब टपकतो. खऱ्या गुहेतील थेंबाचा आवाज ध्वनिलेखन यंत्राने टिपता येतो. ॲनिमेशनपटात मात्र गुहाही रेखाटलेली आणि पाणीही रेखाटलेले. ही सृष्टी मूळचीच मुकी असल्यामुळे तिला वाणी बाहेरून द्यावी लागते.

हे काम दीर्घकाळ हस्तकौशल्यावर चालत आले. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेतील जिम मॅक्डॉनल्ड यांनी निरनिराळे आवाज काढणारी कितीतरी उपकरणे स्वतः बनविली होती. ती परंपरा आजही चालू आहे. परंतु ध्वनीची कारणेच गणितात मांडून त्यातून ध्वनी निर्माण करण्याचा दुसरा मार्गही आता खुला झाला आहे.

थेंब पडताना पाण्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो, आणि ‘टप्’ हा नाद मुख्यतः त्याच्या कंपनाचा असतो. बुडबुड्यातील हवा स्प्रिंगप्रमाणे दबते व फुलते. भोवतालचे पाणी तिच्याबरोबर मागेपुढे हालते. १९३३ मध्ये मार्सेल मिनार्ट यांनी या कंपनाचे गणित मांडले. त्यानुसार १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो, तर १ सेंटिमीटर त्रिज्येचा केवळ ३३० च्या आसपास. म्हणून मोठ्या बुडबुड्याचा स्वर खालचा असतो.

२००९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात चांगशी झेंग व डग जेम्स यांनी याच तत्त्वाचा आधार घेतला. त्यांच्या पद्धतीत संगणक चित्रातील पाण्याचा प्रवाह ठरवितो आणि त्यातील बुडबुड्यांच्या कंपनांवरून ध्वनीही काढतो. मात्र काही सेकंदांच्या आवाजासाठी संगणकाला तासन्‌तास राबावे लागते.

थेंबाइतकीच गुहाही ऐकू आली पाहिजे. भिंत १७ मीटर दूर असेल, तर ध्वनीला जाऊन येण्यास ३४ मीटर अंतर पडते. म्हणजे प्रतिध्वनी सुमारे एकदशांश सेकंदाने परततो. असे असंख्य प्रतिध्वनी मिसळून जो निनाद घुमतो, तो जागेच्या आकारमानावर आणि भिंती किती ध्वनी शोषून घेतात यावर अवलंबून असतो. हेही गणिताने साधता येते.

तथापि, थेंब कसा वाजेल एवढेच गणित सांगते. वाट चुकलेल्या बालकाला तो किती मोठ्याने ऐकू यावा, हे प्रसंग जाणणाऱ्या ध्वनिकारानेच ठरवावयाचे असते.

जिज्ञासू वाचकांनी पाण्याच्या पेल्यात आधी बारीक व मग रुंद नळीने हळूच फुंकून पाहावे. बुडबुडे मोठे होताच स्वर खाली उतरलेला कानांना जाणवेल.